मुदतवाढीच्या बाजूने

ओडेसा प्रुइटने माइक जवळ ओढला. चार तास गाडी चालवून ती राजधानीत आली होती आणि बोलायला तिला मिळणार होती तीन मिनिटं. अमेरिकेतल्या त्या राज्यात सरकारी मंडळंसुद्धा मुदतीवर जगतात. खाजगी गुप्तहेरांना परवाने देणाऱ्या मंडळाची मुदत जूनमध्ये संपत होती. आमदारांच्या या समितीने मान डोलावली, तर आणखी दहा वर्षं. नाहीतर कुलूप.

"माझी लेक मार्लीस नवऱ्याच्या माराला कंटाळून पळाली," ओडेसा म्हणाली. "त्याने एक भोंदू गुप्तहेर मागे लावला. त्या मेल्याने नऊ दिवसांत तिचं घर शोधून दिलं. दहाव्या दिवशी मी शवागारात उभी होते. म्हणून सांगते साहेब, हे मंडळ ठेवा. असले बिनपरवान्याचे लोक मोकाट सुटले, तर लेकीबाळींनी लपायचं कुठे?"

शेजारी बसलेल्या कल्पेपरनी रुमाल काढून डोळे टिपले. ते मंडळाचे सचिव. तिचं पत्र वाचून त्यांनीच तिला साक्षीला बोलावलं होतं.

अध्यक्ष हॅस्केल म्हातारे आणि खवट. "त्याच्याकडे परवाना नव्हता, हे कशावरून?"

"परवानेवाला माणूस असं करील का? हे बघा त्याचं कार्ड. वर नंबरही छापलाय, खोटा."

तिने नंबर वाचला. समितीच्या कारकुनाने तो संगणकात घातला, पडद्यावरचं दोनदा वाचलं आणि मान वर न करता सांगितलं, "परवाना चालू आहे. मार्चमध्ये नूतनीकरण झालंय."

मार्लीसला त्याआधीच, नोव्हेंबरात पुरलं होतं.

ओडेसा शेजारी वळली. "कल्पेपरसाहेब, तुम्ही दिलात?"

"फी भरली की आपोआप होतं, बाई. तक्रार नसली तर आम्ही अडवत नाही."

"आणि त्याआधीच पाठवलेलं माझं पत्र?"

"ते पत्र होतं." कल्पेपर रुमालाची घडी घालत राहिले. "तक्रारीचा फॉर्म वेगळा असतो."

हॅस्केलनी चष्मा काढला. या वेळी त्यांचा आवाज मऊ होता.

"तुमचं नाव मंडळाच्या बाजूने लिहिलंय, ओडेसाबाई. खोडू का?"

तिने कार्डावरचा नंबर पुन्हा एकदा पाहिला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मंडळच नसलं, तर त्याचा परवाना काढून घेणार कोण?"

मग तिने कल्पेपरपुढे हात पसरला. "आणा तो फॉर्म."