कोळंबीचं कापड

"आई, आठ दिवस झाले, तुम्ही कोळंबी शिवताय," सून हसत म्हणाली. कारखान्याच्या शिवणखात्यात आलेल्या नव्या ताग्याला लटकवलेला कागद ती वाचत होती. दवाखान्यांच्या चादरींचं सुती कापड. त्यावर जंतू वाढू नयेत म्हणून कोळंबीच्या कवचांपासून केलेला लेप चढवलाय, असं कागदावर छापलं होतं.

सासूबाईंचं मशीन थांबलं.

मग सुनेच्या लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी कुणाकडे तरी जेवताना कोळंबीचा एकच घास चुकून पोटात गेला होता, तर घसा सुजून सासूबाई मरता मरता वाचल्या होत्या.

त्यांनी मांडीवरचं कापड दोन बोटांनी उचलून खाली टाकलं. शिवताना दोरा दातांनी तोडायची त्यांची सवय. आठ दिवस तसाच तोडत होत्या. त्यांचा हात गळ्याकडे गेला.

"श्वास येत नाहीये."

कुणीतरी कळवताच लेप तयार करणारा केमिस्ट वरच्या मजल्यावरून धावत आला. "काकू, घाबरू नका. ज्यानं त्रास होतो ते आम्ही कवचातून आधीच काढून टाकतो. तपासणीचे कागद आहेत माझ्याकडे."

"कागद राहू द्या," सून म्हणाली. "त्यांच्या ओठांकडे बघा."

ओठ पांढरेफटक पडले होते. केमिस्टला स्वतःच्या कामाची खात्री होती. चार वर्षं त्यानं या लेपात घातली होती. त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी काढायची म्हणजे आपल्याच कापडावर संशय घेतल्यासारखं होतं, आणि शिवणखात्यातल्या सगळ्या बायका मशीनं थांबवून त्याच्याकडे बघत होत्या. तो क्षणभर घुटमळला. मग खिशातून किल्ली काढून जिन्याकडे पळाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ पाहिली, घसा पाहिला, छातीला नळी लावली. सूज नाही, पुरळ नाही. अर्ध्या तासानं श्वास हळूहळू सुरळीत झाला.

"भीतीनं झालं," डॉक्टर म्हणाले. "कापडाचं असतं तर आठ दिवस थांबलं नसतं."

केमिस्टच्या जिवात जीव आला. खाटेजवळ येऊन तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं, काकू? कापडात काही नाही."

"तुम्हाला माहीत होतं. मला कुठं माहीत होतं?" त्यांचा आवाज अजून बसलेलाच होता. "एकदा विचारायचं होतंत, काकू, तुम्हाला काही चालत नाही का."

चार वर्षांत हे विचारायचं केमिस्टच्या मनातही आलं नव्हतं.

"चला आई, घरी जाऊ," सुनेनं हात दिला.

उठता उठता सासूबाईंचा दुसरा हात खाटेवरच्या चादरीवर टेकला आणि लगेच वर आला. त्यांनी नर्सला विचारलं, "ही कशाची आहे?"

नर्सनं चादरीकडे पाहिलं. रोज ती तीच अंथरत होती. तिला सांगता येईना.