नाव झोपडीचं

"आजपासून तू रास्क!" शेतकऱ्यांचा म्होरक्या गुडमुंड म्हणाला आणि जमलेले शेतकरी हसले. रास्क म्हणजे चपळ. नवा शिपाई टोर्केल बैलासारखा धिप्पाड होता, आणि तितकाच संथ.

"हसता काय? मागे एक रास्क तर लंगडा होता," गुडमुंडने त्यांना गप्प केलं.

सिसेला बोचकं घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिचा नवरा एर्लांड, आतापर्यंतचा रास्क, फिनलंडच्या लढाईत पडला होता. आमच्या स्मोलांड प्रांतात शेतकरी मिळून सैन्यासाठी एक शिपाई पोसत, त्याला झोपडी देत. त्या शिपायाचं आडनाव माणसाचं नसे, झोपडीचं असे. शिपाई गेला की झोपडी, बटाट्याचा वाफा आणि नाव पुढच्याला मिळे. विधवेने निघायचं.

टोर्केल अवघडून बाजूला झाला. "माई, मी..."

"रास्क माझा नवरा होता," ती म्हणाली. "तुला मी टोर्केलच म्हणणार. मरेपर्यंत."

ती गुडमुंडच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला गेली. लोहार, पाद्री, हवालदार, पोरंटोरं, सगळे त्याला रास्क म्हणू लागले. सिसेला मात्र चर्चच्या दारात सर्वांदेखत ठसक्यात म्हणायची, "बाजूला हो, टोर्केल."

"अगं, किती टोचशील त्याला!" बायका म्हणायच्या.

तरी तो यायचा. बर्चची लाकडं फोडून द्यायचा. तिनेच लावलेल्या झुडपाची लाल बोरं टोपीतून आणायचा. मग पायरीवर नुसता बसून राहायचा.

"आता काय हवंय, टोर्केल?"

"काही नाही, माई."

घर घेतल्याची माफी मागतोय, असं तिला वाटे. हळूहळू तिचा राग निवला. पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायला जीभ वळेना.

मग पुन्हा लढाईचं बोलावणं आलं. टोर्केल निरोप घ्यायला आला. अंगात झोपडीचाच, लढाईवरून परत आलेला निळा कोट होता. एर्लांडसाठी तिने शिवलेलं ठिगळ कोपरावर तसंच होतं. तिने राय धान्याची भाकर त्याच्या पिशवीत घातली. कॉलर सारखी केली. एवढी वर्षं जपलेलं, जवळचं सगळ्यात मोलाचं तिने त्याला देऊन टाकलं.

"सांभाळून जा, रास्क."

तो खुलेल असं तिला वाटलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"आई गेल्यावर मला टोर्केल म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होता, माई," तो म्हणाला. "तेवढं ऐकायला यायचो मी."

तिकडे नगारा वाजला. तो वळला आणि कधी नव्हे ते भराभर चालू लागला. ती कुंपणापर्यंत धावली. "टोर्केल! अरे टोर्केल!" नगाऱ्यापुढे तिचा आवाज कुठवर पोचणार?

तो परत आला नाही.

पुढच्या शरदात शेतकरी झोपडीपुढे पुन्हा जमले. "आजपासून तू रास्क!" गुडमुंड म्हणाला आणि सगळे हसले. सिसेला गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिने नव्या शिपायाची बाही घट्ट धरली.

"बाळा," तिने विचारलं, "घरी तुला काय म्हणतात?"