स्वतःच्या शब्दांत

पाव्हणे अहमदपूरला पोचल्याचा फोन आला, तेव्हा अक्षरा चौथ्या प्रश्नावर होती.

पहिले तीन सहज झाले होते. एका प्रयोगातली चूक शोधायची, नाण्याची संभाव्यता काढायची, सर्किटमधला प्रवाह काढायचा. चौथा प्रश्न संशोधनातल्या नीतिमत्तेचा होता. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणं गैर का, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. गृहपाठ कुणा अनोळखी पीएच.डी.वाल्याचा होता. त्याचे स्वतःचे शब्द अक्षराकडून यायचे होते. वेबसाइटची रीतच तशी होती. विद्यार्थी नाव झाकून प्रश्न टाकायचे, अक्षरासारख्या पोरी घरबसल्या उत्तरं लिहायच्या. याला ज्ञानदान म्हणतात, असं वेबसाइटवर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं.

अक्षरा नांदेडहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली होती. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षाही पास झाली होती. पोरीनं नांदेडला एकटीनं राहावं का, यावर चाकूरच्या घरात काका-मामांनी सखोल संशोधन केलं. निष्कर्ष एकमतानं निघाला. तेव्हापासून ती घरीच होती. तिचे वडील गुरुपादप्पा बियाण्याच्या दुकानात कुणी विचारलंच तर सांगायचे, "मोबाइलवर कायतरी करून राहिली."

तिनं इंग्रजीत लिहिलं, दुसऱ्याचं संशोधन आपलं म्हणणं म्हणजे माळेगावच्या जत्रेत शेजाऱ्याचा लालकंधारी वळू आपला म्हणून उभा करणं. फेटा आपल्या डोक्याला बांधतात, पण वळू संध्याकाळी शेजाऱ्याच्याच गोठ्यात जातो. त्या अनोळखी माणसाला माळेगाव कुठून कळणार, असं तिला वाटलं. पण दुसरं उदाहरण सुचेना. तिनं उत्तर पाठवून दिलं. लगेच निरोप आला, 'प्रवासात आहे. वाचतो.'

"अगं, साडी नेस आधी!" आतून तिची आई उमाबाई ओरडली. "पोरगा पीएच.डी.वाला हाय. मोबाइल दिसू देऊ नको त्याला."

पोरगा म्हणजे मल्लेश. नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. सोबत त्याचे मामा होते, आणि बोलायचं काम त्यांच्याकडे होतं. हात जोडून शरणार्थ म्हणून झालं, पाणी झालं, चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बश्या फिरल्या. अक्षरानं खाली बघत नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मामांनी तिला स्वयंपाकाचं विचारलं आणि मल्लेशला काहीच विचारायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गुरुपादप्पांना राहवलं नाही.

"संशोधन म्हंजे नेमकं काय असतंय हो?"

मल्लेशनं बशी खाली ठेवली. "प्रामाणिकपणा, अप्पा. बाकी सगळं नंतर. लोक दुसऱ्याचं काम आपल्या नावावर लावतात. मी म्हणतो, हे म्हणजे माळेगावच्या जत्रेत शेजाऱ्याचा वळू आपला म्हणून उभा करणं झालं. फेटा मिळतो, पण वळू संध्याकाळी शेजाऱ्याच्याच गोठ्यात जातो."

"वा!" गुरुपादप्पांनी मांडीवर थाप मारली. "काय बोलतो पोरगा! उमा, ऐकलीस का?"

उमाबाईनं ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले होते. हेच वाक्य अक्षरानं तासाभरापूर्वी तिला वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, कांदा चिर. अक्षराच्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. आपण लिहिलेल्या ओळीला या घरात एवढा मान मिळू शकतो, हे तिला आजवर माहीत नव्हतं. फक्त ती पुरुषाच्या तोंडून यायला हवी होती.

पोरापोरीला बोलू द्या म्हणून दोघांना गच्चीवर पाठवलं. मल्लेशनं केसांतून हात फिरवला.

"वळू कोणत्या रंगाचा होता?" अक्षरानं विचारलं.

"आं?"

"लालकंधारी होता. रंग तेवढा तुमच्याकडून खाली सांगायचा राहिला. सर्किटचं उत्तर तरी समजलं का?"

मल्लेशचा चेहरा पडला. त्यानं जिन्याकडं बघितलं. कुणी येत नव्हतं. मग हळूहळू त्याच्या तोंडावर उजेड पसरला.

"म्हणजे ते तुम्हीच लिहिता? लई बरं झालं की! माझा तर जीव टांगणीला लागला होता. प्रबंध सगळाच राहिलाय. आता घरातल्या घरात होऊन जाईल."

शरमेचा मागमूसही नव्हता. खरा आनंद होता. एवढा निर्मळ आनंद अक्षरानं कुणा संशोधकाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

खाली आल्यावर मल्लेश मामांच्या कानाशी लागला. मामांनी घसा साफ केला आणि तिथंच होकार दिला. देणं-घेणं काही नको, मानपान नको, फक्त पोरगी लवकरात लवकर द्या. गुरुपादप्पा गहिवरले. गाडी वळेपर्यंत ते रस्त्यावर हात जोडून उभे होते.

"केवढ्या मनाची माणसं!" घरात येत ते म्हणाले. "तारीख काढू आता."

"नको म्हणून कळवा त्यांना," अक्षरा म्हणाली.

उमाबाईच्या हातातली बशी तशीच राहिली. गुरुपादप्पांना आधी ऐकूच आलं नाही. मग ते उसळले.

"येड लागलं का तुला? असं स्थळ पुन्हा मिळन का? पीएच.डी. करून राहिलाय पोरगा!"

"तो कुठं करून राहिलाय, अप्पा? त्याची पीएच.डी. मी करून राहिले. आता नांदेडला जाऊन माझी करते."