सात नंबरची हॅलबर्न

मलकापूरच्या नाक्यावर माणिकराव झेंडूचा हार घेऊन उभे होते आणि हॅलबर्न कंपनीची मोटार बर्फाच्या घाटात कशी पहिली आली, ते जमलेल्या लोकांना सांगत होते. ऐकणाऱ्यांपैकी कुणी बर्फ पाहिला नव्हता. माणिकरावांनीही पाहिला नव्हता, पण ते 'हॅलबर्न जिंकली' असं कधीच म्हणत नसत. ते म्हणत, 'आम्ही जिंकलो.'

"बर्फात आमची गाडी उलटली. सरळ केली, अन् तरी पयली आली! मंग वाळवंटात पयली. अन् घरगुती गाड्यांच्या शर्यतीत तर सालोसाल कप आमचाच. बाकीच्या कंपन्या डबे बनवतात बे, डबे!"

हा सगळा इतिहास कंपनीच्या कॅलेंडरावर छापलेला होता. माणिकरावांना तो तोंडपाठ होता. गावातल्या जमिनीचा इतिहास त्यांना एवढा पाठ असता, तर शेताच्या धुऱ्यावरची निम्मी भांडणं मिटली असती.

मुंबईहून नागपूरला निघालेली मोटार शर्यत त्या दिवशी मलकापुरावरून जाणार होती. पोलिसांनी सकाळपासून रस्ता मोकळा केला होता. बैलगाड्या शेतात उतरवल्या होत्या आणि एस.टी. गाड्या नाक्यावर अडवून धरल्या होत्या. त्या उतरवलेल्या बैलगाड्यांत एक माणिकरावांचीही होती. जिल्ह्यातली एकुलती एक हॅलबर्न दारात असून ते कोसभर अंतर बैलांनी आले होते, कारण हॅलबर्नवर धूळ बसली असती. शर्यतवाले आपल्या कंपनीचा माणूस भेटला म्हणून चहाला घरी येतील आणि तेव्हा गाडी चकचकीत दिसली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. भर शर्यतीत कुणी चहाला उतरत नाही, हे कॅलेंडरावर छापलेलं नव्हतं.

घरची हॅलबर्न हिरवी होती. तिच्या दारावर माणिकरावांनी पेंटरकडून पांढरा गोल काढून घेतला होता आणि त्यात सात आकडा, कॅलेंडरावरच्या चित्रातल्या गाडीवर होता तसाच. कडूबा ड्रायव्हर रोज ती पुसायचा. मग माणिकराव मागच्या सीटवर बसायचे, कडूबा इंजिन चालू करायचा, दोघं आवाज ऐकायचे आणि इंजिन बंद व्हायचं. दसऱ्याला तेवढी ती वेशीपर्यंत जाई. तीही पायी चालणाऱ्या वाजंत्र्यांच्या मागून, आणि माणिकराव आत बसलेले असत.

त्या सकाळी मात्र विमलबाई जुंपलेल्या बैलगाडीच्या आडव्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या आईनं मेहकरला अन्नपाणी सोडलं होतं, लेकीचं नाव घेत होती, असा भावाचा निरोप आला होता.

"माय वाट पाहून राह्यली हो माही. आजच्या दिवस गाडी द्या."

"खामगावच्या पुढचा रस्ता पाह्यला का तू? खड्डेच खड्डे. स्प्रिंगचे पाटे तुटतील."

"त्याच रस्त्यानं मानसं जातात."

"मानसं जातात," माणिकराव हार पाण्यात भिजवत म्हणाले. "हॅलबर्न नाई जात. तू एस.टी.नं जा."

विमलबाई बैलगाडीपुढून बाजूला झाल्या. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, अशी माणिकरावांची जुनी समजूत होती.

आता नाक्यावर अडलेल्या एस.टी.च्या खिडक्यांतून बायका घाम पुसत होत्या. त्यांत विमलबाई असणार, याची माणिकरावांना खात्री होती. म्हणूनच त्यांनी तिकडं पाठ केली होती.

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या.

"आली! आली!"

पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. त्यातून एक हिरवी मोटार सुसाट आली. काच धुळीनं भरलेली, नाल्यातल्या चिखलाचे शिंतोडे पार टपापर्यंत उडालेले, आणि दारावर पांढऱ्या गोलात सात.

"हॅलबर्न!" माणिकराव ओरडले. "पाहा बे! तोच नंबर! साऱ्यांच्या पुढं आमचीच!"

पोलिसानं काठी सावरून सलाम ठोकला. लोकांनी टाळ्या पिटल्या. माणिकराव धोतर सावरत रस्त्याच्या कडेला धावले आणि त्यांनी हार भिरकावला. तो बॉनेटवर पडून वायपरमध्ये अडकला. मोटार थांबली नाही, हळूसुद्धा झाली नाही. नाक्याच्या पुढचा मोठा खड्डा तिनं धाडकन ओलांडला आणि नांदुऱ्याच्या दिशेनं निघून गेली.

"याले म्हनतात गाडी!" माणिकरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. "खड्ड्यानं तिले काय होते? बर्फातून गेली, वाळूतून गेली, हा रस्ता काय हाय तिच्यापुढं! ज्याले गाडीतलं कळते, त्यानं अशीच दामटली पाह्यजे!"

माणिकरावांचे शेतशेजारी किसनराव मघापासून मान वाकडी करून रस्त्याकडं पाहत होते.

"माणिकराव," ते म्हणाले, "चालवनारा तर आपला कडूबा होता. अन् मांगं वयनी बसून होत्या."

माणिकराव एस.टी.कडं वळले. त्यांनी एकेक खिडकी पाहिली. मग रिकामे हात घेऊन ते नांदुऱ्याकडं पाहत राहिले. तिकडं आता नुसती धूळ होती.

त्यांनी गाडी ओळखली नव्हती. ओळखणार कशी? दारात आल्यापासून ती धावताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.