खोडरबराचा चुरा

आमच्या शनिवारच्या फाशांच्या खेळात प्रत्येकाचं एकेक पात्र असतं; राक्षस, चोर, राजे सगळे मीच चालवतो. खेळातल्या त्या काल्पनिक जगाचा जुना छापील नकाशा मात्र अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये मिळेना. शेवटी ऑर्व्हिलच्या जुन्या खेळांच्या दुकानात सापडला.

"कुणीतरी पेन्सिलीनं गिरवलाय," तो म्हणाला. "नखरे करू नकोस, घे."

घरी उलगडला. पेन्सिलीची रेघ खेळातल्या आमच्याच वाटेनं गेली होती: जळका पूल, दलदल, थडग्यांची टेकडी. तिथे लिहिलं होतं, 'व्हर्ना इस्पितळात.' आमच्यासोबत खेळणारी व्हर्ना खरंच तीन आठवडे इस्पितळात होती. पुढच्या गावाशी लिहिलं होतं, 'व्हर्ना परतली.'

तेवढ्यात तिचाच फोन आला. "सोडलं मला! खेळातली माझी चेटकीण मारली नाहीस ना, मेल्या?"

हुश्श! मी हसत नकाशावर वाकलो. 'परतली'च्या खाली आधी लिहिलेला 'वारली' हा शब्द खोडलेला दिसत होता.

खोडरबराचा चुरा अजून कोमट होता.