एक जास्त

पैठण रोडवरच्या विणकाम संग्रहालयात, दाराशी आत-बाहेर होणारी माणसं मोजणाऱ्या यंत्राचा डेटाबेस रखडत होता. दुरुस्तीला आलेल्या नौशीननं इंडेक्स टाकला, तशी रोजची बेरीज चुटकीसरशी आली. रोज आत गेलेल्यांपेक्षा बाहेर आलेला माणूस एक जास्त.

दुहेरी नोंद एकही नव्हती. तिनं सेन्सरही बदलला. फरक तसाच.

“जाऊ द्या मॅडम, लई दिवसांचं हाय हे,” पहारेकरी कडुबा म्हणाला.

“नाही मामा, आज छडा लावूनच जाणार.”

भरदुपारी तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, आकडे शून्यावर आणले आणि एकटीच आत फिरून आली.

“आत एक, बाहेर एक,” कडुबानं स्क्रीनवर वाचलं.

“जमलं. लावा दार.”

“थांबा जरा,” म्हणत कडुबा रिकाम्या दारासमोरून अदबीनं बाजूला सरला.

बाहेरचा आकडा दोन झाला.