एक्स-रेआधी

परदेशात शाळा बदलली की व्हिसा बदलतो, आणि व्हिसा बदलला की तपासण्या पुन्हा पहिल्यापासून. जणू नव्या शाळेत मी नवं शरीर घेऊन शिकवणार होते! गळ्यातली साखळी नवऱ्याच्या हातात देऊन मी एक्स-रेच्या खोलीत शिरले, तोच नर्स धावत आली. "मॅडम, थांबा! लघवीच्या तपासणीत दिसतंय, तुम्हाला दिवस गेलेत. आता एक्स-रे काढता येणार नाही." लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आम्ही आशा कधीच सोडली होती. मी विचारलं, "मग व्हिसा?" "एक्स-रेशिवाय नाही मिळत," ती हळूच म्हणाली. जुना व्हिसा महिनाअखेर संपत होता. बाहेर येताच नवऱ्याने मुठीत जपलेली साखळी माझ्या गळ्यात घातली. "काय मग, बाई? पास की नापास?" जन्मभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले, या निकालावर मात्र काय लिहावं, सुचेना.